हार्डवेअरच्या दुकानात काय मागावे, कसे मागावे?

गेल्या अंकात घरातल्या लहानसहान दुरुस्त्यांविषयी लिहिताना "हे सामान जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळेल" असे एक वाक्य मी सहज लिहून गेले होते. त्या वाक्यावर जी पत्रे आली, त्यांवरून लक्षात आले की दुकान जवळ असले तरी त्याच्या काउंटरपर्यंत जाणे अनेकांना अवघड वाटते. म्हणून या वेळचे सगळे प्रश्न त्याच दुकानाविषयीचे निवडले आहेत.

प्रश्न : आम्ही दोघे नुकतेच माझ्या आजेसासऱ्यांच्या जुन्या घरात राहायला आलो आहोत. न्हाणीघरातला पितळी नळ रात्रभर ठिबकत असतो. फोनवरून दोनदा वॉशर मागवले आणि दोन्ही वेळा ते बसले नाहीत. शेवटी कोपऱ्यावरच्या जुन्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. काउंटरवर पाच-सहा कारागीर उभे होते. प्रत्येक जण दोन शब्दांत मागत होता आणि सामान घेऊन निघत होता. माझी पाळी आली तेव्हा दुकानदारांनी "कितीचा?" असे विचारले. नळाच्या आट्यांचे माप मी पट्टीने घेऊन गेले होते, म्हणून "एकवीस मिलिमीटर" असे सांगितले. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. माझे काय चुकले?
(एक वाचक, नारायण पेठ, पुणे)

उत्तर : तुमचे माप अगदी बरोबर होते, त्या दुकानात त्या मापाला दुसरे नाव आहे, इतकेच. तुम्ही मोजलेल्या २१ मिलिमीटरच्या आट्यांना तिथे "अर्धा इंची" म्हणतात. हे नाव नळीच्या आतल्या पोकळीवरून पडलेले आहे. जुन्या लोखंडी नळीची आतली पोकळी साधारण अर्धा इंच असे आणि तिच्या बाहेरच्या अंगावर आटे पाडले की त्यांचा व्यास २०.९५ मिलिमीटर भरतो. नळीच्या पत्र्याची जाडी पुढे बदलली, लोखंडाच्या जागी प्लास्टिक आले, तरी आटे तेच राहिले आणि नावही तेच राहिले. पाऊण इंची नळाचे आटे बाहेरून मोजले तर ते २६.४ मिलिमीटर भरतात आणि एक इंचीचे ३३.२५. घरात पट्टी घेऊन बसणाऱ्या प्रत्येकाची इथे फसगत होते, कारण पट्टीवर अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर आणि हातातली वस्तू त्याच्या दीडपटीहून मोठी. म्हणून पुढच्या वेळी "अर्धा इंची नळाचा वायसर" असे म्हणा. वॉशरला पुण्यातले प्लंबर वायसरच म्हणतात आणि काउंटरवर तोच शब्द चालतो.

मात्र माझा खरा सल्ला याहून वेगळा आहे. नुसते माप सांगू नका, ती वस्तूच घेऊन जा. अर्धा इंची नळांतही वायसरची जाडी आणि मधल्या भोकाचा आकार बनावटीप्रमाणे बदलतो; तुमच्याकडे दोनदा आलेले वायसर याच कारणाने बसले नसावेत. आधी गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, नळ उघडून उरलेले पाणी जाऊ द्या, पान्ह्याने वरचा भाग सोडवा आणि स्पिंडल, म्हणजे मूठ फिरवली की वर-खाली होणारा आतला दांडा, वायसरसकट बाहेर काढून वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. काढण्यापूर्वी नळाच्या मुठीखाली एक कापड गुंडाळले तर पितळेवर पान्ह्याचे ओरखडे उठत नाहीत. स्पिंडल काढल्यावर नळाच्या आत करंगळी घालून वायसर ज्या कडेवर टेकतो ती कड चाचपून पाहा. ती गुळगुळीत लागली तर नवा वायसर पुरेसा आहे. तिच्यावर खाच लागली तर मात्र नवा वायसरही आठवड्याभरात कापला जाईल आणि ठिबकणे पुन्हा सुरू होईल. हे दुकानदारांना सांगा. कड घासून सपाट करणारा प्लंबर कोण, हे त्यांना ठाऊक असते, आणि नळच बदलण्याच्या लायकीचा झाला असेल तर तेही ते सांगतील.

आता त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळण्याविषयी. तुम्हाला ते लागले असणार आणि ते वागणे योग्य होते असे मी म्हणणार नाही. परंतु वेळही पाहायला हवी. सकाळी नऊ ते अकरा ही वेळ कारागिरांची असते. रंगारी, सुतार, प्लंबर, गवंडी दिवसाचे काम सुरू करण्यापूर्वी सामान घेऊन जातात. त्यांची मजुरी दिवसावर असल्यामुळे काउंटरवरचा प्रत्येक क्षण त्यांना महाग पडतो, आणि दुकानदाराचे निम्म्याहून अधिक गिऱ्हाईक त्याच दोन तासांत येऊन जाते. संध्याकाळी पाचच्या सुमारास जाऊन पाहा. तोच माणूस चष्मा लावून, तुमचे स्पिंडल दिव्याखाली धरून, पाच मिनिटे निरखून पाहील.

हे मी अनुभवाने सांगते आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या देवघराच्या दाराची बिजागरी सुटली होती. स्क्रू घट्ट करावा, तो दोन दिवसांत सैल व्हावा, असे महिनाभर चालले होते. शेवटी बिजागरीच काढली आणि वडील ज्या दुकानात जात त्या दुकानात घेऊन गेले. त्या दुकानाची मागची भिंत जमिनीपासून आढ्यापर्यंत लाकडी खणांची आहे आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आत जे आहे त्याचा एक नमुना ठोकलेला आहे : एकावर कडी, एकावर कोयंडा, एकावर पडद्याचा हूक, एकावर मिशीच्या आकाराची पितळी मूठ. चिठ्ठी कुठेही नाही. वाचता येत असो वा नसो, बोट दाखवले की खण उघडतो. अनेक वर्षांच्या हातांनी त्या नमुन्यांची टोके सोन्यासारखी चकचकीत झाली आहेत आणि बाकीचा भाग काळा पडला आहे.

दुकानदारांनी माझी बिजागरी काउंटरवर ठेवली, पोलादी पट्टीने मोजली, तिची पाती दोनदा उघडून मिटली आणि कानाजवळ नेऊन पुन्हा एकदा मिटली. मग त्यांनी विचारले, "ताई, काम काय आहे?" मी सांगितले की स्क्रू सैल होतो. ते म्हणाले, "मग बिजागरीला काही झालेले नाही. भोक मोठे झाले आहे." त्यांनी मला नवी बिजागरी दिली नाही. बांबूची काडी सुरीने तासून, फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकायची, रात्रभर वाळू द्यायची, बाहेर आलेले टोक सकाळी कापायचे आणि तोच जुना स्क्रू पुन्हा बसवायचा, एवढे त्यांनी समजावले. दार जड असते तर काडीऐवजी सागवानी खुंटी ठोकावी लागली असती, असेही सांगितले. मी फेविकॉलची सर्वांत लहान बाटली घेतली. ते दार आजही नीट लागते.

"काम काय आहे?" हा प्रश्न कोणत्याही मोबाइलच्या पडद्यावर कुणी विचारत नाही. तिथे वस्तूचे नाव तुम्हालाच द्यावे लागते, आणि नाव चुकले तर चुकीची वस्तू चोख बांधणीत घरी येते. म्हणून वस्तूचे नाव आठवत नसेल तर संकोच करू नका, काम सांगा. "भिंतीवर दहा किलोचा आरसा लावायचा आहे, भिंत मातीच्या विटांची आहे" एवढे सांगितले तरी स्क्रू, त्याची लांबी, प्लास्टिकची खुंटी आणि ड्रिलचा बिट असे सगळे एका कागदात बांधून मिळते.

प्रश्न : आम्ही गावाकडे घराचा वरचा मजला बांधतो आहोत. मिस्त्री दुकानात जाऊन "चार सुती" आणि "तीन सुती" सळ्या सांगतो, बिलावर मात्र मिलिमीटर लिहिलेले असतात. खिळ्यांना गेज आणि स्क्रूंना नंबर, हे आणखी वेगळे. यांचा मेळ कसा घालावा? वजनात फसवणूक होत नाही ना, हे कसे पाहावे?
(एक वाचक, वर्धा)

उत्तर : एका इंचाचे आठ सूत होतात, म्हणून एक सूत म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. हे माप सुतारकामातून आणि लोहारकामातून आले आहे. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने देशात मेट्रिक पद्धत आली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली, परंतु बांधकामावरच्या तोंडातून सूत गेलेला नाही. सळ्यांच्या बाबतीत अडीच सूत म्हणजे ८ मिलिमीटर, तीन सूत म्हणजे १०, चार सूत म्हणजे १२ आणि पाच सूत म्हणजे १६, असे समजण्याचा प्रघात आहे. गणित नेमके केले तर चार सूत १२.७ मिलिमीटर होतात, पण तशी सळई बाजारात नसते. म्हणून बोलताना मिस्त्री सूत म्हणू दे. मागणी लिहून देताना आणि बिल तपासताना मिलिमीटरच धरा.

वजन तपासण्याची रीत सोपी आहे आणि ती घर बांधणाऱ्या प्रत्येकाला यायला हवी, असे मला मनापासून वाटते. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि १६२ ने भागा. आलेला आकडा म्हणजे एक मीटर सळईचे किलोतले वजन. बारा मिलिमीटरच्या सळईसाठी १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८८९ किलो. पूर्ण सळई सहसा १२ मीटरची येते, तेव्हा एका नगाचे वजन सुमारे १०.६६ किलो भरले पाहिजे. दहा मिलिमीटरचा नग सुमारे ७.४ किलो आणि आठ मिलिमीटरचा सुमारे ४.७४ किलो. भारतीय मानकाप्रमाणे दहा मिलिमीटरपर्यंतच्या सळईला ७ टक्के आणि त्यापुढे सोळापर्यंत ५ टक्के कमी-अधिक चालते. सळई वजनावर विकली जाते, त्यामुळे एरवी नग मोजण्याचा कंटाळा केला जातो. तुम्ही तो करू नका. गाडी रिकामी होताना नग मोजा, वरच्या हिशेबाने वजन काढा आणि काट्याच्या पावतीशी ताडून पाहा. फरक या मर्यादेत असेल तर निश्चिंत राहा. त्याहून अधिक असेल तर गाडी उभी असतानाच बोला.

खिळे आणि स्क्रू यांत एक खोडा आहे आणि त्यात जाणतेही अडखळतात. खिळ्याचा गेज म्हणजे तारेचा गेज. त्यात आकडा वाढला की तार बारीक होते : १० गेजची तार ३.२५ मिलिमीटर, १२ गेजची २.६४ आणि १४ गेजची जेमतेम २ मिलिमीटर. लाकडाच्या स्क्रूच्या नंबरात याच्या उलट असते. तिथे आकडा वाढला की स्क्रू जाड होतो. ६ नंबरचा स्क्रू साधारण साडेतीन मिलिमीटर, ८ नंबरचा ४.२ आणि १० नंबरचा ४.८. म्हणून "जरा जाड द्या" म्हणून खिळ्याचा मोठा आकडा मागितला तर हातात बारीक खिळे येतात. खिळे किलोने मिळतात. स्क्रू पूर्वी ग्रोसने, म्हणजे १४४ नगांच्या पुडक्याने मिळत. आजही जुन्या दुकानांत तसे पुडके असते. पण चार हवे असतील तर चारही सुटे मिळतात, आणि ते मागण्यात कमीपणा मुळीच नाही.

प्रश्न : मी एकटी राहते आणि घरातली बरीच कामे स्वतः करते. आमच्या भागातल्या दुकानात गेले की "घरी कुणी पुरुष माणूस असेल तर पाठवा" किंवा "प्लंबरलाच येऊ द्या" असे ऐकावे लागते. एकदा मला अर्धा इंचीऐवजी पाऊण इंची अँगल कॉक (भिंतीतून येणारे पाणी काटकोनात वळवणारा छोटा नळ) बांधून दिला आणि परत नेल्यावर "तुम्हीच तसे सांगितले" असे म्हणाले. आता त्या दुकानाची पायरी चढावीशी वाटत नाही. काय करावे?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमचे पत्र वाचून मला वाईट वाटले, आणि आश्चर्य मात्र वाटले नाही. हेच वाक्य मी स्वतः ऐकलेले आहे. हार्डवेअरचे दुकान ही पुरुषांची जागा आहे असा समज काउंटरच्या दोन्ही बाजूंना अजून आहे, आणि तो तुमच्यासारख्यांच्या जाण्यानेच जाईल. पण त्यासाठी तुम्ही अपमान सोसावा असे मी सांगणार नाही. एखादे दुकान तीनदा असे वागले तर चौथ्यांदा दुसरीकडे जा. गावात एकच दुकान क्वचितच असते, आणि सांगलीत तर नाहीच नाही.

नव्या दुकानात पहिल्याच वाक्यात माप, वस्तू आणि काम सांगा : "अर्धा इंची अँगल कॉक, गीझरला जोडायला, आटे बाहेरचे." तीन गोष्टी एका दमात सांगितल्या की समोरचा माणूस पुढचे प्रश्न तुम्हालाच विचारतो, इतर कुणाला पाठवायला सांगत नाही. हा शब्दांचा प्रभाव मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. आटे आत आहेत की बाहेर, हे सांगणे कधीही विसरू नका. निम्म्या वस्तू केवळ त्या एका चुकीपायी परत जातात. पाण्याच्या नळीची वस्तू असेल तर पाणी गरम आहे की गार, हेही सांगा, कारण गरम पाण्याला सीपीव्हीसीची नळी लागते आणि साध्या यूपीव्हीसीची नळी गीझरच्या पाण्याने मऊ पडून वाकते. दोहोंचे सोल्यूशन, म्हणजे सांधे चिकटवायचा द्राव, वेगळे असते, तेही त्याच वेळी मागून घ्या.

वस्तू बांधून घेण्यापूर्वी काउंटरवरच जुळवून पाहा. जुना कॉक सोबत असेल तर त्याच्या आट्यांवर नव्याची चकती फिरवून बघा. ती दोन बोटांनी तीन-चार वेढे सहज फिरली पाहिजे. एका वेढ्यातच अडकली तर माप चुकले आहे किंवा आटे गेलेले आहेत. बिल मागा. लहान दुकानदार चार रुपयांच्या वायसरवर बिल करणार नाही, ते मी समजू शकते, पण कॉक, नळ, कुलूप यांवर पक्के बिल घ्यावेच. त्यावर माप लिहून घेतले तर "तुम्हीच तसे सांगितले" म्हणायला जागा उरत नाही. आट्यांमधून होणारी गळती रोखणाऱ्या टेफ्लॉन टेपची एक गुंडाळी घरी कायम ठेवा. आटे स्वतःच्या तोंडासमोर धरून टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची. उलट गुंडाळली तर वस्तू आवळताना ती सुटत जाते आणि सगळे दोष बिचाऱ्या नळाच्या माथी येतात.

प्रश्न : समुद्रापासून आमचे घर अर्ध्या मैलावर आहे. दरवर्षी पावसाळ्यानंतर खिडक्यांचे स्क्रू गंजून लाल होतात, बिजागऱ्या करकरतात. दुकानदार म्हणतात "पितळेचे लावा" आणि शेजारी म्हणतात "स्टीलचे लावा". एकाने चुंबक लावून स्टील ओळखायला सांगितले. कोणाचे ऐकावे?
(एक वाचक, गुहागर)

उत्तर : दोघांचेही बरोबर आहे, पण एका अटीवर : बिजागरी आणि स्क्रू एकाच धातूचे हवेत. खाऱ्या हवेत दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांतला कमजोर धातू झपाट्याने गंजतो. पितळी बिजागरीला साधा लोखंडी स्क्रू लावला तर लहानसा स्क्रू मोठ्या पितळी पात्याच्या संगतीत वर्ष-दोन वर्षांत खाऊन जातो. डोके जागच्या जागी दिसते आणि हात लावताच गळून पडते. कोकणातल्या कितीतरी खिडक्या अशा केवळ रंगाच्या पापुद्र्यावर लटकत असतात.

पितळी बिजागरी घेणार असाल तर पितळी स्क्रू घ्या. पितळ मऊ असते, म्हणून सागवानात तो सरळ पिळायला गेलात तर मधेच तुटतो आणि अर्धा आत राहतो. आधी गिरमिटाने किंवा ड्रिलने बारीक भोक पाडा, त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा बसवून आटे पाडून घ्या, तो काढा, पितळी स्क्रूच्या आट्यांना मेण चोळा आणि मग हलक्या हाताने बसवा.

स्टेनलेस स्टील घेणार असाल तर ग्रेड विचारा. बाजारात २०२, ३०४ आणि ३१६ असे प्रकार असतात. समुद्राच्या इतक्या जवळ २०२ टिकत नाही, ३०४ बरे, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम हा धातू असल्यामुळे ते खारेपणाला सर्वांत चांगले तोंड देते, पण महाग पडते आणि गावातल्या दुकानात ते मागवून घ्यावे लागते. समुद्राच्या बाजूच्या खिडक्यांपुरते ३१६ आणि बाकी ३०४ असे केले तर खर्च आटोक्यात राहील. चुंबकाने एवढेच कळते की वस्तू साध्या लोखंडाची आहे की नाही. २०२ आणि ३०४ हे दोन्ही चुंबकाला बहुतेक चिकटत नाहीत, त्यामुळे त्यांतला फरक चुंबक सांगणार नाही. पितळी म्हणून दिलेली मूठ जस्ताच्या मिश्रधातूची असली तरी तिलाही चुंबक चिकटत नाही. तिथे हातातले वजन पाहावे : त्याच आकाराची पितळी मूठ स्पष्टपणे जड लागते, आणि खालच्या बाजूला, जिथे मुलामा पातळ असतो, तिथे पिवळी झाक दिसते.

करकरणाऱ्या बिजागऱ्यांना खोबरेल तेल घालू नका. ते थंडीत थिजते आणि धूळ धरते. मशिनचे तेल पुरेल.

प्रश्न : आमच्या चौकातले फार जुने दुकान पुढच्या महिन्यात बंद होणार आहे. मुले परगावी स्थिरावली आहेत आणि काकांना आता होत नाही. त्यांच्याकडे जुने पितळी कडी-कोयंडे आणि बिजागऱ्या शिल्लक आहेत आणि ते कमी भावात द्यायला तयार आहेत. घर जुने आहे, पण आज काही मोडलेले नाही. घेऊन ठेवाव्यात का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : जरूर घ्या, आणि घाई करून लवकर जा. अशा दुकानाचा माल शेवटी मोडीच्या भावाने वजनावर जातो आणि भट्टीत वितळतो. एकदा गेला की ती मापे पुन्हा मिळत नाहीत. पुण्यात बोहरी आळी किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीट पालथी घातली तर नवी पितळी बिजागरी नक्की मिळेल, पण तुमच्या चौकटीत साठ वर्षांपूर्वी जी खाच कोरली आहे तिच्यात बसणारी मिळेलच असे नाही. आजच्या मालात पाते पातळ असते आणि भोकांची जागा वेगळी असते, मग सुताराला चौकट पुन्हा कोरावी लागते.

जाण्यापूर्वी घरातल्या सगळ्या दारा-खिडक्यांवरून एकदा फिरा. प्रत्येक बिजागरीची लांबी, मिटल्यावरची आणि उघडल्यावरची रुंदी, पात्याची जाडी आणि भोकांची संख्या वहीत लिहा. कागद तिच्यावर ठेवून पेन्सिल घासली तर भोकांचा छापही मिळतो. बिजागऱ्या नेहमी जोडीने घ्या, आणि मोठ्या दारासाठी तीन. पाती उघडमीट करून मधली पिन हलत नाही ना ते पाहा. त्यांच्याच मापाचे खाचेचे पितळी स्क्रू त्याच वेळी मागा, कारण हल्ली सगळीकडे फुलीचे स्क्रू मिळतात आणि जुन्या घरात ते डोळ्यांना खुपतात. कडी घेताना तिचा कोयंडा त्याच खणातला आहे ना, हे जुळवून पाहा.

आणि शक्य असेल तर दुपारी, दुकान निवांत असताना जा आणि काकांजवळ थोडे बसा. खणातल्या प्रत्येक वस्तूला ते काय म्हणतात ते विचारा आणि त्याच वहीत लिहून घ्या : हा अडसर, ही खिट्टी, ही फिरकी, हे अमुक कामाचे आणि ते तमुक. फोनवर त्यांच्या खणांच्या भिंतीचे एक छायाचित्रही घ्या, त्यांची हरकत नसेल तर. ती यादी आमच्याकडे पाठवलीत तर पुढच्या अंकात आम्ही ती आनंदाने छापू. भाव फार पाडून मागू नका. आणि जाताना जाड कापडी पिशवी न्या. चार जोड्या पितळी बिजागऱ्यांचे वजन पातळ पिशवीला पेलत नाही.